दुसऱ्या रांगेतला ॲम्प्लिफायर

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. वजन चौदा किलो, पुढे दोन गोल बटणं आणि पोटात जडशीळ ट्रान्सफॉर्मर. मित्रांनो, रेकॉर्डवरून आलेला बारीक आवाज मोठा करून दोन स्पीकरांना सारखा वाटून देणं हे माझं काम. या वाटणीत मी कधीही डावं-उजवं केलं नाही.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यावर ‘उत्तीर्ण’ची चिठ्ठी लावली. पुढे मला विकत घेणाऱ्या गृहस्थांचा त्या चिठ्ठीवर विश्वास बसला नाही. त्यांनी दुकानातच माझं झाकण उघडायला लावून आतले स्क्रू मोजले. गल्लीत त्यांना सगळे मामा म्हणतात. घरोघरचे वीज मीटर तपासून चोर पकडणं ही त्यांची नोकरी. नोकरीतून ते निवृत्त झाले, संशयातून नाही. दारावरची बेल वाजली नाही तरी ‘कोण आहे?’ म्हणून विचारायचे.

मामींचा डावा कान पार गेलेला, उजवा कामापुरता. माणसांचं बोलणं त्यांना अर्धंमुर्धं कळायचं. गाणं मात्र माझ्यातून आलं की पुरतं पोचायचं. दुपारी चारला त्या दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसत. माझं आयुष्य त्या एका तासासाठी होतं, असं म्हटलं तरी चालेल. एरवी माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे असत.

मग दुपारची वीज जाऊ लागली. गाणं मध्येच तुटायचं, स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज यायचा आणि मामी दचकायच्या. दुरुस्तीवाल्यांनी मला तपासून सांगितलं, “हे असे झटके याला सोसायचे नाहीत आता. गेला तर याचे भाग मिळत नाहीत. बॅटरीचा बॅकअप घ्या.”

“तुमचं दुकानदाराशी काही ठरलेलं आहे का?” मामांनी विचारलं.

बॅकअप निवडायला मामा मला टॅक्सीत घालून घेऊन गेले. स्थळं पाहायला जाताना नवरीला सोबत नेत नाहीत म्हणे. मला नेलं. दुकानात बॅकअपच्या पहिल्या डब्याच्या बॅटरीवर मला चालवलं, तर माझ्या पोटातून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला.

“अहो, तुमचं यंत्र म्हातारं झालंय,” दुकानदार म्हणाला.

“म्हातारा मीही आहे. मी घूं करतो का?” मामा म्हणाले. “हा डबा वीज ओबडधोबड देतोय. शुद्ध साइन वेव्हवाला काढा.”

“सगळे शुद्धच आहेत, साहेब.”

“मग हा गप्प का बसत नाही?”

चौथ्या डब्यावर मी गप्प बसलो. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं मला धमकावलं असावं. खरं सांगतो, मलाही तो डबा आवडला नव्हता. त्याचा हिरवा दिवा सतत माझ्यावर रोखलेला असे.

घरी आल्यावर मामांनी त्याची परीक्षा घेतली. गाणं सुरू असताना भिंतीतला त्याचा प्लग खेचला. धप्प! मी बंद. “बघितलंस? फसवलं!” मामा मामींकडे वळून ओरडले. त्यांनी प्लग पुन्हा खोचला, पुन्हा खेचला. तिसऱ्यांदा खोचताना माझ्या आत ‘चट्’ झालं आणि डावा स्पीकर कायमचा मुका झाला. जे विजेला इतक्या दुपारींत जमलं नाही, ते मामांनी पाच मिनिटांत केलं.

ते दुकानदाराला फोनवर फैलावर घेत होते, तेवढ्यात मामी माहितीपत्रक घेऊन आल्या. ऐकू कमी येतं म्हणून त्या सगळं वाचत. त्यांनी डबा फिरवला. मागे सॉकेटच्या दोन रांगा होत्या. एका रांगेवर ‘बॅटरीसह’, दुसरीवर ‘फक्त झटक्यापासून संरक्षण’. मी दुसऱ्या रांगेत होतो.

“अहो, याला इथं का लावलंत?”

“बॅटरी उगाच झिजायला नको म्हणून,” मामांचा आवाज एकदम खाली आला. “वीज गेली की तिकडे लावणार होतो.”

“वीज गेल्यावर?”

मामांनी फोन ठेवला. माफी मागितली नाही. फक्त कधी नव्हे ते माझ्यावरचे कपडे उचलले आणि माझी वायर पहिल्या रांगेत लावली.

दुसऱ्या दिवशी चारला वीज गेली. पंखा थांबला. फ्रिज थांबला. मी वाजतच होतो, अर्धा का होईना. मामा लगेच गॅलरीत धावले. शेजाऱ्यांचीही गेली आहे का, याची खात्री करायला.

परतले तेव्हा मामींनी आपली खुर्ची मधून उचलून उजव्या स्पीकरजवळ नेली होती.

“एकाच बाजूनं ऐकावं लागतंय तुला, माझ्यामुळे,” मामा म्हणाले.

“मला तरी कुठे दोन्ही कान आहेत?” मामी म्हणाल्या. “आणि पंखा बंद झाल्यावर छान ऐकू येतंय. बसा की आता.”

मामा बसले. पण डब्याजवळ.

मित्रांनो, तपासा, जरूर तपासा. फक्त मदतीला आणलेल्या गोष्टीला आधी मदत करू द्या, मग तिच्यावर संशय घ्या. आणि चालू यंत्राचा प्लग खेचण्यापूर्वी ते मागच्या बाजूला कुठल्या रांगेत लावलंय, तेवढं वाकून बघा. मामा आता रोज बघतात. दोनदा.