दाराबाहेरच्या चपला

वर्षभर "मिस्त्री, जरा दाराचं बघा ना, घाई नाही" म्हणणाऱ्या आमच्या गल्लीला त्या सकाळी अचानक घाई झाली होती. ज्याच्या हातात बघावं त्याच्या हातात प्लायचा तुकडा, आणि जो तो माझ्या मागे. समुद्राकडच्या खिडक्या ठोकायच्या होत्या, पत्र्यांवरून दोर टाकायचे होते, कुजलेली दारं बाहेरून बंद करायची होती. वादळ संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला लागणार, असं रेडिओ सारखं सांगत होता. मी सगळ्यांना हो म्हणत होतो, पण माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. ताई घर सोडणार की नाही?

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. त्यामुळे माझ्यावर ओरडायचा हक्क तिच्याकडे आहे आणि तो ती रोज वापरते. ती एकटी राहते आणि शाळेचे गणवेश शिवते. तिचं घर गल्लीतलं शेवटचं. त्याच्यापुढे दगडी बांध आणि बांधापलीकडे सरळ समुद्र.

मागच्या वादळाच्या वेळी मी तिला जवळजवळ उचलूनच वरच्या शाळेत नेलं होतं. वादळ ऐनवेळी भलतीकडे वळलं आणि आमच्या वाट्याला नुसती भुरभुर आली. ताईची मात्र शाळेच्या फरशीवर झोपून कंबर धरली. परत येऊन बघते तर घरातलं शिलाईचं मशीन गायब. मशीन नेलं चोरानं, बोलणी खाल्ली मी. नवीन मशीन आलं तरी ती संपली नाहीत.

म्हणून या वेळी मी सकाळी सगळ्यात आधी तिच्याकडे गेलो. मागचं दार आणि समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या ठोकायला घेतल्या. ती कमरेवर हात ठेवून माझ्या पाठीशी उभी.

"खिळा वाकडा जातोय, छोट्या."

"नाही जात."

"मला दिसतोय ना. मला काय मोतीबिंदू झालाय?"

मी वाकडा खिळा उपटून सरळ मारला. गल्लीतले आणखी दोघंचौघं तिथे येऊन उभे होते. सगळ्यांना मी एकदमच ताकीद दिली, "बाहेर काहीही ठेवायचं नाही. कुंड्या, बादल्या, झाडू, चपला, सगळं आत घ्या. वाऱ्यानं कुंडी उडाली की तिचा दगड होतो." लोकांनी माना डोलावल्या. ताईनंही डोलावली, याचं मला जरा नवलच वाटलं.

लोक गेल्यावर मी विचारलं, "दुपारी येतो न्यायला. तयार राहशील ना?"

"मी कुठे जात नाही."

"ताई, या वेळचं खरंच मोठं आहे."

"मागच्या वेळीही खरंच मोठं होतं. तूच म्हणालास."

"मशीनसाठी जीव देणार आहेस का?"

"माझा जीव, माझं मशीन. तुला कशाला पंचाईत?"

माझं डोकं फिरलं. रात्रभर नीट झोप नव्हती, बायको सामान बांधून हैराण झाली होती आणि अजून अर्धी गल्ली ठोकायची बाकी होती. "मग राहा इथेच," मी म्हणालो. "मी पुन्हा विचारायला येणार नाही."

"नकोच येऊस."

आता हे मला सांगितलंच पाहिजे. आमच्या दोघांत भांडण झालं की आधी कोण बोलणार यावर सगळं अडून बसतं. एकदा सबंध उन्हाळाभर ताई माझ्याशी माझ्या बायकोमार्फत बोलत होती, आणि तेही मी समोर बसलेला असताना. "तुझ्या नवऱ्याला सांग, भात संपलाय." मीही काही कमी नाही. मी बायकोला सांगायचो, "त्यांना सांग, मला दिसतंय."

तिचं पुढचं दार आणि एक खिडकी मी तशीच ठेवून निघालो. येणार नाही म्हणालो असलो तरी येणार होतो, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

दुपारनंतर समुद्राचा आवाज बदलला. लाट येते, फुटते, मागे जाते, असं काही राहिलंच नव्हतं. नुसती एक सलग घरघर चालू होती. मधूनच बांधावरून पाण्याचा सपकारा गल्लीत यायचा. भोंग्याची गाडी दोनदा फिरून गेली. शेजारच्या नर्सबाई दवाखान्याच्या गाडीत म्हातारीकोतारी भरून वर निघून गेल्या. बायको मुलांना घेऊन केव्हाच शाळेत पोचली होती. गल्लीत मी, माझी हत्यारांची पेटी आणि एक कुत्रं उरलो. थोड्या वेळानं कुत्रंही गेलं.

ताईच्या दारासमोर आलो आणि आधी खाली बघितलं. आमच्या गल्लीत बेल वाजवायच्या आधी माणूस खाली बघतो. चपला असल्या की घरात कोणीतरी आहे, नसल्या की कोणी नाही. ताईच्या चपला मी कुठेही ओळखीन. डाव्या चपलेचा पट्टा तुटला तेव्हा चांभाराकडे न जाता तिनं तो माझ्याकडून बारीक खिळा मारून घेतला होता. त्या चपला पायरीवर उजव्या बाजूला असायच्या, अगदी रोज.

पायरी रिकामी होती.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच मिनिटभर बसलो. मग रागही आला. गेली ती गेली, मला निरोप तरी ठेवायचा. नर्सबाईंच्या गाडीत बसली असणार. त्यांनी बोलावलं की जाते, मी बोलावलं की कंबर दुखते. दाराला ओढलं की बंद होणारं कुलूप होतं, ते ढकलून बघितलं. नीट लागलेलं होतं.

मग मी कामाला लागलो. खिडकीवर फळी मारली. दाराची खालची बाजू कुजलेली होती, म्हणून त्यावर अख्खा प्लाय लावला. एकदा वारा आत शिरला की तो आधी छप्पर उचलतो, आणि ताईचं छप्पर उडालं असतं तर मला उरलेलं आयुष्य ते ऐकून घ्यावं लागलं असतं. इतर घरांना मारले त्याच्या दुप्पट खिळे मी तिच्या दाराला मारले. हाक मारली नाही. रिकाम्या घराला कोण हाक मारतं? आणि खरं सांगायचं तर, आधी मी का बोलू, हेही डोक्यात कुठेतरी होतंच.

शाळेत पोचलो तेव्हा वारा मला दोन पावलं पुढे ढकलत होता आणि एक मागे. वर्गावर्गांतून माणसं दाटली होती. बायकोनं मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"ताई कुठायत?"

"नर्सबाईंबरोबर आली ना?"

"नर्सबाई त्या काय समोर बसल्यात. त्यांच्याबरोबर ताई नाहीत."

नर्सबाई कोणाच्या तरी पायाला पट्टी बांधत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं त्यांना, मिस्त्री. म्हणाल्या, माझा भाऊ येणार आहे न्यायला."

 तरी मी स्वतःची समजूत घातली. आली असेल दुसऱ्या कोणाबरोबर, बसली असेल दुसऱ्या वर्गात माझ्यावर रुसून. प्रत्येक वर्गाबाहेर चपलांचा ढीग होता. मी वाकून तो डाव्या पट्ट्यातला खिळा शोधायला लागलो. एक ढीग झाला, दुसरा झाला. "मिस्त्री, चांगलीशी बघून उचला," कोणीतरी मागून म्हणालं आणि दोघंतिघं हसले. मी शेवटच्या ढिगापर्यंत गेलो. ताईच्या चपला कुठेच नव्हत्या.

आणि मग आठवलं. कुंड्या, बादल्या, झाडू, चपला. मीच म्हणालो होतो. जन्मात पहिल्यांदा ताईनं माझं ऐकलं होतं.

मी धावत बायकोकडे परत आलो.  "मी तिला आत ठोकून आलोय," मी बायकोला म्हणालो. "मागून पण आणि पुढून पण." फोन लावला तर नुसता टूं टूं आवाज. बायको एकदाही ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझ्या पेटीतून छोटी पहार काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "टेम्पो बाहेर उभा आहे. जा."

टेम्पोवाल्याला सगळे सावकाश म्हणतात. त्याच्या गाडीमागे तसं लिहिलं आहे आणि तो ते मनापासून पाळतो. सायकलवाली पोरं त्याला मागे टाकून टाटा करतात. मी धापा टाकत सांगितलं. त्यानं अर्ध्यातच गाडी चालू केली. उतारावर तो ज्या वेगानं निघाला ते बघून मी देवाचं नाव घेतलं. रस्त्यात एक फांदी आडवी पडली होती, ती त्यानं चाकाखाली घेतली.  मी मनात ताईशी बोलत होतो. आधी बोलत होतो, नंतरही बोलत होतो, थांबतच नव्हतो.

गल्लीच्या तोंडाशी पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. टेम्पो तिथेच ठेवून आम्ही भिंती धरत आत शिरलो. लाटा आता बांधावरून सरळ येत होत्या आणि प्रत्येक लाटेला पाणी चढत होतं. माझी एक चप्पल त्यातच गेली. ताईच्या दारावर माझा प्लाय जसाच्या तसा होता. एक कोपरासुद्धा हलला नव्हता.

"ताई!"

वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पहारीनं प्लायवर ठोकलं आणि कान लावला. आतून कोणीतरी ठोकलं. मी दोनदा ठोकलं, आतूनही दोनदा आलं. माझ्या जिवात जीव आला, पण आतलं ठोकणं फार हळू होतं.

खिळे निघेनात. पहार घुसवावी तर फट नव्हती, इतकं चांगलं काम केलं होतं मी. वाऱ्यानं प्लाय उलटून आमची डोकी फुटू नयेत म्हणून टेम्पोवाला खांदा लावून तो दाबून धरत होता. एक खिळा करकरत आला, मग दुसरा. पाणी मांडीला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण कच्चे कारागीर असतो तर किती बरं झालं असतं. मी रडत होतो आणि शिव्या देत होतो, आणि सगळ्या शिव्या मलाच होत्या. खालचे खिळे पाण्याखाली गेले होते. ते हातानं चाचपून शोधावे लागले.

शेवटचा खिळा निघाला आणि वाऱ्यानं प्लाय आमच्या हातातून ओढून नेला. समोर दार उघडंच होतं. आतल्या पाण्यात ताई दाराची चौकट धरून उभी होती. एका हातात कपड्यांची इस्त्री, तिनंच ती प्लायवर ठोकत होती. गळ्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत चपला.

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ निळे पडले होते.

"हातोडा ऐकला मी," ती म्हणाली. "म्हटलं, आला. न बोलता का होईना, आला. खिडकी ठोकतोय वाटलं. निवांत चहा टाकला. मग पाणी आलं म्हणून दार उघडलं, तर पुढ्यात तुझी भिंत."

"एक हाक नाही का मारायचीस?"

"तू मारलीस?"

 मी तिला पाठीवर घेतलं. ती इतकी हलकी लागली की मला भीती वाटली. लहानपणी मी तिच्या कडेवर असायचो आणि ती बाजारातून दोन पिशव्याही आणायची. सावकाशनं तिला मागून धरलं आणि आम्ही भिंती धरत निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मागे मोठ्ठा आवाज झाला. वळून बघितलं तर ताईचं छप्पर एका बाजूनं उचललं गेलं होतं. दार उघडं राहिलं होतं, वारा आत शिरला होता. पत्रा दोनदा आपटला आणि मग दिसेनासा झाला. आत नवं मशीन होतं, गणवेशांचे गठ्ठे होते. ताईनं पण बघितलं असणार.  माझ्या गळ्याभोवतीचा तिचा हात जरा घट्ट झाला.

शाळेत बायकोनं तिला कोरडी साडी दिली, नर्सबाईंनी गरम पाण्याची बाटली. ताई भिंतीला टेकून बसली आणि थरथर थांबल्यावर तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर गळ्यातली पिशवी सोडून चपला बाहेर काढल्या. उठली, भिंत धरत वर्गाच्या दारापर्यंत गेली आणि बाहेर पायरीवर त्या उजव्या बाजूला नीट जोडीनं मांडल्या. व्हरांड्यात पावसाचा सपका येत होता. बाकीच्यांनी आपापल्या चपला केव्हाच आत ओढल्या होत्या.

"ताई, वाहून जातील," मी म्हणालो. "आत घे."

"राहू देत," ती म्हणाली. "मी आत आहे हे दिसायला नको?"

मी खाली बघितलं. माझ्या पायात एकच चप्पल उरली होती. ती काढून मी तिच्या चपलांशेजारी ठेवली आणि आत जाऊन ताईजवळ बसलो.