मर्जीचा सूर

नीलमनं चाळिशी उलटल्यावर व्हायोलिन हाती घेतलं, तेव्हा अकोल्यातली तिची गल्ली पोट धरधरून हसली. शेजारच्या इंदूबाईंनी तर तोंडावरच विचारलं, "मॅडम, मांजर पाळलं काय वो घरात?" आता जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग ताब्यात ठेवणारी बाई ही, ती काय ऐकून घेते! "मांजर नाही बाई, वाघ हाय. लहान हाय अजून," म्हणाली, आणि खिडकी उघडी ठेवूनच वाजवत राहिली.

दर रविवारी ती गाडी पकडून अमरावतीला खुशालराव सरांच्या क्लासला जायची. तिथं सगळी लेकरं. त्यांच्या बुटक्या बाकावर ही बसली की गुडघे हनुवटीला टेकायचे. सर विलायती पद्धतीनं शिकवत, कागदावरचं वाचून, पियानोच्या साथीनं. पियानोवर त्यांचा मुलगा कुंदन. बाहेर शिकून आलेला, बोटं सोन्याची, पण स्वभाव घड्याळाचा. कोणी मागं राहिलं तर तो आपला पुढं निघून जायचा.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम आला. सरांनी नीलमला लेकरांच्या घोळक्यात एक मार्च, म्हणजे कवायतीची धून, वाजवायला दिला. तिला मात्र पुस्तकातला सगळ्यात संथ तुकडा हवा होता, 'नदीकाठी' नावाचा. त्यात मधोमध एक उंच सूर होता, त्याच्यावर एक खूण आणि परका शब्द. सरांनीच एकदा त्याचा अर्थ सांगितला होता: इथं वाजवणाऱ्याची मर्जी, पियानोनं थांबायचं. हे ऐकल्यापासून नीलमचा जीव त्या सुरात अडकला. तिचा अख्खा जन्म घंटीवर, गाडीवर आणि कुकरच्या शिट्टीवर धावण्यात गेला होता. 'इथं तुझी मर्जी' असं तिच्यासाठी कोणी कधी लिहून ठेवलं नव्हतं. तिला तो सूर मनासारखा वाजवायचा होता, बाकी काही नको होतं.

तालमीत कुंदन थांबलाच नाही.

"ताई, आधी ताल, मग भाव," तो म्हणाला. "तुम्ही ताणता तेव्हा सूर थरथरतो. मी सरळ जातो, तुम्ही मला येऊन मिळा."

"पण वर लिहेल हाय ना, थांबा म्हणून?"

"ते ज्यांना येतं त्यांच्यासाठी असतं."

तिला ते झोंबलं, कारण थरथरण्याचं खरं होतं. व्हायोलिनवर फिरणारा तिचा गज लांब सुरावर कापायचा. प्रत्येक तालमीत ती तो सूर अर्धा टाकून धावत पियानोला गाठायची, आणि परतीच्या गाडीत स्वतःवरच चिडायची.

"मॅडम, कावून हट्ट करून राहिल्या?" सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "मार्च घ्या. लेकराइच्या मंदात झाकून जाते."

"झाकूनच घ्याचं असतं सर, तर मी घरी बसली असती. मले 'नदीकाठी'च वाजवाचं हाय."

सरांनी हात टेकले. "बरं. पण एक ध्यानात ठेवा. काई झालं तरी थांबाचं नाही. स्टेजवर थांबला तो संपला."

कार्यक्रमाला हॉल भरला होता. आयाबापांचे मोबाइल वर, लेकरं इस्त्रीच्या कपड्यांत अवघडलेली. नीलमची पाळी आली. सुरुवात ठीक झाली. मग तो उंच सूर आला. तिनं तो धरला, लांबवला, आणि कुंदन निघाला की पुढं! डाव्या हाताचं धुम, उजव्याचं च्याक-च्याक, घड्याळाबरहुकूम.

दुसरी कोणी असती तर धावली असती. पण नीलम धर्मपालची लेक. पातूरकडच्या खेड्यापाड्यांत बाबासाहेबांच्या जयंतीला धर्मपालची गायन पार्टी गाजायची. तबलजी तालात पुढं पळाला की हा पठ्ठ्या भर गाण्यात थांबायचा, मागं वळून त्याला झाडायचा, लोकांना चार शब्द सुनवायचा आणि ती ओळ पुन्हा उचलायचा. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे, उलट त्यांना तेच आवडायचं. लहानगी नीलम स्टेजच्या कडेला बसून टाळ्यांनी ताल धरायची. थांबणं म्हणजे नाक कापलं जाणं, हे तिच्या रक्तातच नव्हतं. तिनं गज उचलला आणि व्हायोलिन खाली घेतलं.

कुंदन थोडं एकटाच वाजवत गेला, मग दचकून थांबला. पहिल्या रांगेत सरांनी कपाळाला हात लावला.

"कुंदन," नीलम म्हणाली, वर्गात म्हणते तशी, "तू कुठी चालला? मी अजून इथंच आहो. वापस ये."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. ती लोकांकडे वळली. "हसा, काई हरकत नाही. या जागी पियानोनं थांबाचं असते. कागदावर लिहेल हाय. आता पुन्हा आयका."

कुंदनचे कान लालबुंद झाले होते. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, असं कोणी करत नाही."

"मी करून राहिली ना."

तिनं मागची ओळ पुन्हा उचलली. आता हा पुन्हा पळाला तर दुसऱ्यांदा थांबायला तोंड उरणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. सुरांची चढण आली, आणि तो उंच सूर आला. गज कापला, सूरही कापला. ऐकायला काही फार गोड नव्हता तो, पण तिनं सोडला नाही.

पियानो गप्प होता. कुंदनचे हात पट्ट्यांवर अधांतरी थांबले होते आणि त्याची नजर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिच्या गजावर होती. गज टोकाला आला. पुस्तकात असं काही सांगितलेलं नसताना तिनं तो उलटा फिरवला आणि तोच सूर पुढं नेला. "संपलं काय वो आई?" एका लेकरानं विचारलं, आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. सर खुर्चीतून अर्धवट उठले. नीलमनं त्यांना पाहिलं. तिनं सूर तसाच धरून ठेवला, आणखी थोडा, मग आणखी थोडा, मन भरेपर्यंत. हळूहळू गजाचं कापणं थांबलं.

मग तिनं कुंदनकडे पाहिलं.

"चाल आता," ती म्हणाली.