लाल ठिपक्याचा डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावरचा हा लाल ठिपका आधी बघून घ्या, मग पुढचं बोलू. तो नेलपॉलिशचा आहे. पोचे पडलेला, कडी ढिली झालेला मी एक जुना स्टीलचा डबा. पण या ठिपक्यामुळे मला चार शब्द सांगायची पत आली. नाहीतर डब्याचं कोण ऐकतंय?

मी नाशिकच्या भांडी बाजारातला. मोहिनीच्या लग्नात तिच्या मामांनी मला घेतलं आणि दुकानदाराने मशीन घर्रघर्र फिरवत माझ्या पोटावर तिचं नाव कोरलं. गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. पुढे दहा-बारा वर्षं मी तिच्याबरोबर नाशिकातल्याच द्वारका भागातल्या ऑफिसात जात होतो. तीन पोळ्या आणि सुकी भाजी. पोळी मऊ राहते ती डब्यामुळे, असं तिथल्या बायका म्हणायच्या आणि मी फुगून जायचो. गव्हाशी कधी माझं वैर होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी झाकण वाजवून हसलो असतो.

मग मोहिनीची मुलगी तेजस्विनी दुखणेकरी झाली. खाल्लेलं अंगी लागेना. पोट फुगायचं, हातपाय नुसत्या काड्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं जंत झाले. दोन्हींचे उपाय करून झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं, सिलिॲक. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचा घटक असतो. तो पोटात गेला की या मुलीचं शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. यावर गोळी नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया जन्मभर बंद, आणि बंद म्हणजे कणभरसुद्धा नाही.

मोहिनी एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून उठली. तेजूचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा. गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात म्हणून घरघंटी आणली. डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडलं, म्हणून हिंगसुद्धा घराबाहेर गेला. मला तिने उकळत्या पाण्यात घातलं, नव्या घासणीने घास घास घासलं आणि झाकणावर ठिपका लावला.

"हा आता फक्त तेजूचा," ती म्हणाली. "कुणाच्याही घरी जाणार नाही."

माझा भाव वधारला हो. पण मान मिळाला तरी एकदा मी हरलोही. शाळेच्या सहलीत तेजूच्या मैत्रिणी केक खात होत्या. "एका तुकड्याने काय मरतेस का?" एकजण हसली. तेजूला नाही म्हणायची लाज वाटली. भाकरी माझ्या पोटात तशीच राहिली आणि पोर चार दिवस सलाईनवर. तेव्हापासून तिचे वडील, सोमनाथ, दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखे झाले. ताकसुद्धा फुंकून पिणार.

आता तेजू अठरा वर्षांची आहे. तिला कापडाच्या डिझाइनचा कोर्स करायचाय, पुण्यात, वसतिगृहात राहून. प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या फॉर्मवर सोमनाथ सही करेनात. शेवटी त्यांनी अट घातली. तेजूची मैत्रीण जिया येवल्याची, तिच्या घरी पैठणीचा माग आहे. तिथे दोन दिवस एकटीने जाऊन राहायचं. धडधाकट परत आलीस तर सोमवारी सही, पोट बिघडलं तर कॉलेज नाशिकातच.

"चालेल," तेजू म्हणाली. 

निघायच्या आदल्या संध्याकाळी घोळ झाला. मोहिनीने तांदळाची खीर केली होती. ती पंचवटीतल्या आमच्या गल्लीत समोरच राहणाऱ्या लंकाबाईंना द्यायची होती. मोहिनी बाजारात गेलेली. सोमनाथांनी हाताला आला तो डबा घेतला, खीर ओतली आणि दिला पाठवून. तो डबा मी होतो. ठिपका बघायची तसदी कोण घेणार?

लंकाबाई भल्या बाई. तेजूवर जीव ओवाळून टाकणाऱ्या. सकाळी सहालाच मला घेऊन दारात आल्या.

"रिकामा डबा कसा देऊ, सोमनाथ? आपल्यात देत नाय. मूठभर साखर घातली हे. गव्हाचं काय नाय, मला ठावं हे पोरीचं."

साखरच होती, त्या खरं बोलत होत्या. पण मित्रांनो, ज्या मुठीने साखर घातली ती मूठ थेट परातीतून उठून आली होती. लंकाबाई पोळ्यांची कणीक मळत होत्या. झाकण दाबून बसवताना त्यांच्या बोटाची कणीक माझ्या झाकणाच्या दुमडीत बसली ती बसलीच. सोमनाथांनी साखर वाटीत काढली, मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि ओट्यावर नेहमीच्या जागी ठेवलं. मोहिनीने घाईत भाकऱ्या भरल्या. लेकीचा डबा रात्रभर परक्या घरी होता, हे तिच्या गावीही नव्हतं.

आता सांगा, मी काय करायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. द्वारकेला एसटी आली, तेजूने खिडकी पकडली, मला मांडीवर घेतलं. निफाड गेलं, विंचूर गेलं. प्रत्येक खड्ड्याला मी झाकण खडखडवत होतो. बाई गं, बघ, इथे बघ. तिला वाटलं कडी ढिली आहे, तिने मला ओढणीने आणखी घट्ट बांधलं. ज्या पोरीने मला विश्वासाने कुशीत धरलं होतं, तिच्या घाताचं सामान मी पोटाशी घेऊन चाललो होतो. मला माझीच शिसारी आली.

येवल्याला जियाच्या घरी दुपारची पानं वाढलेली. जियाची आई बेगम यांनी पाहुणीसाठी शेवया केल्या होत्या. तेजूने लाजेखातर जियालासुद्धा आजाराचं कधी सांगितलं नव्हतं. वडील निजामभाई मागावरून उठून हात धुऊन बसले. तेजूने मला समोर घेतलं आणि कडी काढली. भाकरीचा वास सुटला. पोर सकाळपासून उपाशी, तिने भाकरीला हात घातला.

आणि थांबली. त्या सहलीनंतर तिने स्वतःला एक सवय लावली होती. खाण्याआधी झाकणाच्या दुमडीतून बोट फिरवायचं. घरी जेवताना ती कधी कधी विसरायची. आज परक्या घरी विसरली नाही. बोट फिरलं, अडलं. तिने नखाने तो कण काढला, उजेडात धरला, चुरडला. वाळलेली कणीक. तिने मला दूर सारलं.

"काय झालं बेटा?" बेगमनी विचारलं. "शेवया घे ना. थोड्याशा. मी खास तुझ्यासाठी केल्यात."

सगळे तिच्याकडे बघत होते. भाकरी खाल्ली तर कणाची भीती, शेवया खाल्ल्या तर आजारपण नक्की, आणि दोन्ही नाकारलं तर घरच्यांचं मन दुखणार. सहलीतली तेजू मला आठवली, मान खाली घालून केक चावणारी. 

"काकू," ती म्हणाली, "मला या नाही चालणार. माझा डबासुद्धा आज खराब झालाय." मग तिने हात धुतले आणि सगळं सांगितलं, आजाराचं नाव, कण, सलाईन, काहीही न लपवता. शेवटी म्हणाली, "मला भूक लागलीय. एक पातेलं मी स्वतः घासून घेऊ का? नुसता भात आणि अंडी उकडली तरी पुरे."

बेगम उठल्या. शेवयांचं भांडं त्यांनी आत नेऊन ठेवलं.

"आधी सांगायचं नाही का वेडे," त्या म्हणाल्या. "मीठसुद्धा नवीन पुडीतलं काढते. माझा कणकेचा हात मिठाच्या बरणीत शंभरदा जातो."

दोन दिवस तेजू त्या घरी भात, अंडी, बटाटे खाऊन राहिली, पातेलं स्वतः घासून. निजामभाईंनी तिला मागावर बसवून मोराची नक्षी उलगडून दाखवली. पोट दुखलं नाही. मी मात्र पिशवीत उलटा पडून होतो, अन् मला त्याचं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर सोमनाथांनी दारातच विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," एवढं म्हणून ती मोकळी झाली असती. पण तिने मला पिशवीतून काढलं, झाकण त्यांच्या हातात दिलं. "बाबा, यात कणीक होती. मी खाल्लं नाही. पण तुम्हाला कळायला हवं."

मोहिनी चरकली. "हा डबा बाहेर गेला कधी?"

सोमनाथ दुमडीवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "मीच दिला होता. लंकाबाईंना, खीर घालून." मग खाली बसले. "मी म्हणत होतो बाहेर कोण सांभाळेल हिला. मला घरात सांभाळता आलं नाही, आणि ही तिकडे एकटी सांभाळून आली." फॉर्म त्यांनी सोमवारपर्यंतही ठेवला नाही. तिथेच, माझ्या झाकणावर ठेवून सही केली.

लंकाबाईंना तेजूने स्वतः जाऊन समजावलं. म्हातारी दोन दिवस अन्नाला शिवली नाही, इतकं तिला लागलं. तेजूने पुण्याला जायच्या आधी मुद्दाम माझ्यात खीर भरून मला पुन्हा त्यांच्याकडे दिलं. मोहिनी नको म्हणत होती. "त्यांना एकदा जमू दे आई," तेजू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई मला घेऊन आल्या. झाकण वेगळं, डबा वेगळा, दोन्ही उन्हात वाळवलेले. त्यांचे हात धुऊन धुऊन सुरकुतले होते.

"जन्मात पहिल्यांदा कुणाचा डबा रिकामा देते गं," त्या म्हणाल्या. "जिवाला लय कसंसंच होतं."

तेजूने माझ्या दुमडीतून बोट फिरवलं. कुठेच अडलं नाही. तिने लंकाबाईंना मिठी मारली.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत अशी एखादी तेजू असेल. तिला आग्रह करू नका, ती विचारते तेव्हा हसू नका. आणि तिचा डबा कधी तुमच्या घरी आला तर शकुन बाजूला ठेवा, तो घासून पुसून रिकामाच परत द्या. इतकी वर्षं मी पोळ्या-भाकऱ्यांनी भरून फिरलो, पण त्या दिवशी मोकळ्या पोटाने घरी आलो तेवढा भरलेला मी कधीच नव्हतो.