लग्नचौकातला घोडा

लग्नाचा चौक एकीनं गायचा आन एकीनं काढायचा, ही आमच्या डोंगरातली रीत. लग्नघरात भिंत गेरूनं सारवायची, तांदळाचं पीठ कालवायचं, आन गान्यात जे येईल ते काडीनं भिंतीवर काढायचं. मांडव आला की मांडव, तुळस आली की तुळस. चौक पुरा झाल्याबिगर नवरीला हळद लागत न्हाई. आमच्या घरात गायची माझी थोरली जाऊ, ठकूबाई. काढायची मी, गोजर. चाळीस वर्सं हेच. आन चाळीस वर्सं लोक म्हनायचे, काय गळा हाय ठकूबाईचा! माझ्या हाताचं कुनी नाव काढलं आसंल तर शपथ.

मागच्या दिवाळीत ठकू गेली. आता माझ्या नातीचं, मोहिनीचं लगीन. सकाळी पिठाची वाटी घिऊन भिंतीम्होरं बसले खरी, पन हात उठंना. आदी काय, मग काय, कुटून सुरू करू? गानंच न्हाई तर काढू काय, कपाळ माझं?

दुपार झाली तरी भिंत कोरीच. माझा लेक कुंडलिक वैतागला.

"आये, संध्याकाळी हळद हाय. ओतूरला छापील चौक मिळतो, नुसता चिकटवायचा. गाडी काढू का?"

"माझ्या तोंडावर चिकटव तो," मी म्हनले. "छापलेल्या चौकाम्होरं माझी नात हळदीला बसायची न्हाई!"

बोलले तावात, पन आतून लई भ्याले. खरंच आनला तर?

मोहिनीची धाकटी बहीन वृषाली अवसरीला इंजिनिअरिंग शिकते. ती म्हनली, "आजी, माझ्या मोबाईलमध्ये थोरल्या आजीचं गाणं आहे. दोन वर्षांमागं आपल्या चुलत इंद्रायणीताईच्या लग्नात चौक काढताना घेतलं होतं."

ठकूचा आवाज घरात घुमला आन मला हुंदकाच फुटला. तशीच काडी पिठात बुडवली. मांडव काढला. मग तुळस आली आन घोळ सुरू झाला. मी पानंच काढतीय तवर गानं बाशिंगावर गेलं. धावतपळत बाशिंग गाठलं, तर घोडा आला. आन घोड्यापाशी गानं हालंचना. 'दारी आला गं घोडा, घोडा मांडवदारी.' पाचदा तेच! माझा घोडा कवाच काढून झाला व्हता.

"बघ, इसरली," मी म्हनले. "नेहमी अशीच मधीच इसरायची आन तीच ओळ घोळत बसायची. भर मांडवात चिडवायचे मी तिला."

वृषालीनं गानं मागं नेलं. "आजी, नीट ऐक. मागं तू बोलतीयस."

कान दिऊन ऐकलं. ठकूच्या आवाजामागं माझा आवाज. "मेलं, पीठ सांडलं! परत कालवते." मग वाटीत पानी पडल्याचा आवाज. आन ठकू आपली गातीय, घोडा मांडवदारी, घोडा मांडवदारी. पाचव्यांदा मी म्हनले, "हं, झाला," आन ठकूनं लगेच पुढची ओळ धरली.

मी काडी खाली ठेवली. बाई कवाच काय इसरली नव्हती. मला वाटायचं मी तिच्या हुकमानं काढतीय, आन ती तर माझ्या हाताकडं बघून गात व्हती. हे गानं त्या दिसाच्या भिंतीचं व्हतं. आजच्या भिंतीला त्याचा काय उपेग?

"बंद कर ते," मी वृषालीला म्हनले. "तू गा."

"मी? मला शब्दसुद्धा येत नाहीत गं!"

"शब्द भिंतीवर हायेत. मी काय काढते ते बघ आन तेच म्हन. हात थांबला की तिथंच घोळत राहा."

पोरगी लाजत लाजत सुरू झाली. चाल निम्मी टीव्हीवरची, पन नजर माझ्या काडीवर. मी मांडवाशेजारी उंबर काढला, त्याला फळं लावली, तर तिला ते दिवेच वाटले. "दिवे लागले गं मांडवाला," म्हनली. घ्या! आता गान्यात आले म्हनल्यावर काढायलाच पायजेत. मी मांडवभर दिवे काढले. आमच्या चौकात आजवर दिवे नव्हते, आन लई ग्वाड दिसले. मी पीठ परत कालवायला थांबले तवा पोरीनं तीच ओळ चारदा म्हनली. चौक उन्हं उतरायच्या आत पुरा झाला.

मोहिनीला हळद लागली. समद्या बाया तिकडं गाताना मी परसात जाऊन रडले. पान्यावरनं, चुलीवरनं, कोंबड्यांवरनं, कशावरनं म्हनून ठकू माझ्याशी भांडली न्हाई? पन इसराळू म्हनले तर सगळ्यांसंगं तीबी हसायची. एकदा तरी सांगायचं व्हतं बाई, गोजरे, तुझा हात थांबलाय म्हनून मी थांबलेय. मी तिथल्या तिथं पाया पडले असते.

कशाची पडतीय! म्हनले असते, जा गं, इसरलीस ते कबूल कर. आन ते तिला चांगलंच ठाऊक व्हतं.