माझी खाच बुजवली तेव्हा

मित्रांनो, मी जुना आहे, गंजलो आहे, पण मला तारांचा गुंता म्हणायचे नाही हं! माणसाच्या आसवांत जंतूंचा फडशा पाडणारे लायसोझाइम नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते एक प्रथिन, आणि त्याचा मी नमुना. १९८६ साली सेलूच्या कॉलेजातल्या भिवराने मला घडवले. कापसाच्या गाठी बांधायची तार तिने कुठे पिळली, कुठे नागमोडी वाकवली आणि वर शाडू थापला. पुस्तकातले चित्र सपाट. मला मात्र पाठ होती, पोट होते आणि दोन भागांच्या मधोमध खोल खाच होती. जंतूच्या भिंतीतली साखरेची साखळी याच खाचेत बसते आणि तुटते. भिवराने साखळी म्हणून मणी ओवले. ते खाचेत असे चपखल बसायचे, की मी स्वतःवरच खूश व्हायचो.

भिवराचे वडील मल्हारी मेंढपाळ. त्यांनी बजावले होते, "परभणीच्या प्रदर्शनात तू काय शिकलीस ते मला समजलं, तर पुढं शीक. न्हाईतर दिवाळीनंतर लगीन."

प्रदर्शनाआधी ती मला पाथरीजवळच्या आपल्या गावी घेऊन गेली. नवरात्र तोंडावर आले होते. घरोघरी दसरा काढणे चालले होते. गोधड्या धुवायच्या, भिंती सारवायच्या, भेगा लिंपायच्या. भिवरा गोधड्या घेऊन नदीवर गेली आणि तिच्या आईची, म्हाळसाबाईची नजर माझ्यावर पडली. "अगं बया, लेकराचं काम उललं की!" म्हणत तिने पांढऱ्या मातीने माझी खाच गच्च बुजवली, वरून हात फिरवला आणि वाळल्यावर मला लुगड्यात बांधून ठेवले. माया खरी, पण माझा जीव गुदमरला.

दुसऱ्या दिवशी तिघेही परभणीला आले. टेबलावर गाठोडे सुटले. भिवराने मणी लावले, ते घसरून पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. परीक्षक माणिकराव पुढच्या टेबलाकडे बघू लागले.

"माय, हितली खाच कुठं गेली?"

"म्या लिंपली. दसऱ्याला भेग कोण ठिवतंय?" म्हाळसाबाई कौतुकाने म्हणाली. मग लेकीचा चेहरा बघून चपापली. "लय चुकलं का गं?"

भिवराचे डोळे भरून आले, पण पोरगी खमकी! ती वडिलांकडे वळली. "बा, बघ. तार तीच, मणी तेच. फकस्त आकार बदलला अन् काम बंद पडलं. आपल्या अंगातबी असंच हाय." तिने केसांतला आकडा काढून आईच्या हातात दिला. "माय, तूच उकर."

माती निघाली. मणी खाचेत बसले. मल्हारींनी वाकून बोटाने खाच चाचपली.

"समजलं," ते म्हणाले. "हितं परभणीत पोरींची ऱ्हायची सोय कुठं हाय?"

बक्षीस दुसऱ्यालाच मिळाले, त्याचे मला काही नाही. आता मी कॉलेजच्या कपाटावर असतो. मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा, तारेला तेलाचा हात लावा. पण दुरुस्त करायला निघालात, तर आधी एवढे विचारा, की ही खाच इथे कशासाठी आहे?