पोचल्याची रिंग

सावडणं उरकून माणसं अंगणात टेकली, आणि शेजारच्या रंगुबाईनं पहिला प्रश्न केला तो गेलेल्या माणसाविषयी नव्हताच.

"पोरी, तिकडं भर रस्त्यात गोळ्या घालत्यात म्हणं. खरं हाय व्हय?"

राजेश्वरी मेक्सिकोहून तीस तासांचा प्रवास करून नुकतीच दारात उतरली होती. वडिलांचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. ती पोचली तोवर रक्षासुद्धा गोळा करून झाली होती. ती म्हणाली, "मी तर नाही बघितलं कधी, काकू."

"पळवून बी न्हेत्यात की माणसं. मेजर सांगायचं. पेपरात त्या देशाचं नाव आलं की त्येंला घास जायाचा न्हाई." रंगुबाईनं पदरानं नाक पुसलं. "आपल्यात कसं, दाराला कडी नसली तरी चालतंय."

अंगणातून मक्याचं रान दिसत होतं. दोन दिवसांपूर्वी, शुक्रवारी पहाटे, तिथल्याच बांधावर तिचे वडील, नाथाजी, करंटच्या तारेला चिकटून गेले होते. रंगुबाई बोलत होती तीही त्याच दिशेला तोंड करून, आणि आपण काय बोलतोय हे तिच्या ध्यानात येत नव्हतं. राजेश्वरीनं बूट काढले आणि ती आत आईजवळ जाऊन बसली.

नाथाजी फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले होते, पण औंधच्या आसपास फौजेतून आलेल्या शिपायालासुद्धा लोक मेजरच म्हणतात. हा माणूस बर्फात राहिला, सरहद्दीवर राहिला. मात्र लेक तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मेक्सिको सिटीला निघाली तेव्हा तिच्या बॅगेची चेन तीन वेळा उघडून लावत बसला. राजेश्वरीनं समजावून सांगितलं होतं. फाटकाला राखणदार आहे, घर चौथ्या मजल्यावर आहे, अंधार पडल्यावर कुठल्या गल्लीत जायचं नाही हे तिथली माणसं आपणहून सांगतात. हळूहळू तीही ते शिकली. तीन वर्षांत तिची फक्त एक छत्री चोरीला गेली.

नाथाजींना हे पटलं नाही. त्यांनी फौजी तोडगा काढला. संध्याकाळी कामावरनं घरी पोचली की राजेश्वरीनं त्यांच्या बटनाच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि बंद करायचं. त्यांनी तो घ्यायचा नाही. पैसे पडत नाहीत आणि काळजी मिटते. तिकडचे सात वाजले की इकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसहा. तेव्हा ते रानात असायचे. खिशात फोन एकदा खणाणला, की बांधावर जो कोणी असेल त्याला सांगायचे, "पोचली आमची."

अशा रिंगेची सवय त्यांना आधीपासूनच होती. रानडुकरांनी लागोपाठ दोन वर्षं मका लोळवला, तेव्हा शिवेला शीव असलेल्या चार घरांनी मिळून बांधाबांधानं उघडी तार ओढली. करंट त्यांतल्याच एका शेजाऱ्याच्या, धुळाच्या वस्तीवरून. हे कायद्यात बसत नाही हे चौघांनाही ठाऊक होतं. नाथाजींनाही ठाऊक होतं. खुंट तर त्यांनीच ओळंब्यात ठोकले होते. धुळा रात्री बटन दाबायचा आणि बाकीच्या तिन्ही घरांना एक रिंग द्यायचा: तार चालू. पहाटे सहाला बंद करायचा आणि पुन्हा एक रिंग: आता या रानात. दोन हंगाम असे गेले. डुकरं मेली, माणसाला कधी काही झालं नाही. सुट्टीवर आलेली राजेश्वरी एकदा म्हणाली होती, "आण्णा, हे धोक्याचं आहे." त्यावर नाथाजी हसले होते. "तू मेक्सिकोचं बघ. हितं समदी आपली माणसं हायत."

धाकट्या भावानं, वीरधवलनं, तिला फोनवर सांगितलं होतं ते एवढंच: धुळानं तार बंद न करता रिंग दिली, आण्णा विश्वासानं गेले. वीरधवल सांगलीत एका पतसंस्थेत नोकरीला होता. तो सांगलीहून आला, त्यानं पोलीस ठाण्यात जबाब दिला, आणि जबाबात बांधावरून झालेलं जुनं भांडणही घातलं. धुळाला त्याच दुपारी नेलं होतं. नाथाजींचा फोन पाटाच्या पाण्यात पडून बंद झाला होता. तो पंचनाम्यात गेला. धुळाच्या फोनमध्ये सहाची एक रिंग सापडली, आधीची नाही.

"आधीची फक्त आपल्याला दिली आणि पुसून टाकली," वीरधवल म्हणाला. "आणि सहाला दुसरी मारली, आपण वेळेवर बंद केलं असं दाखवायला. आता कलम वाढणार आहे. साहेब म्हणाले, चूक वेगळी आणि मुद्दाम वेगळं."

राजेश्वरीला ते पटलं. पटवून घेण्यात आधार होता. कुणीतरी काहीतरी केलं म्हणून आण्णा गेले, आणि ते केलेला माणूस ठाण्यात आहे.

धुळाची बायको हरणाबाई रोज सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची. आत यायची नाही. धुळाच्या आज्यानं आटपाडीकडून मेंढरं घेऊन या बाजूला मुक्काम केला होता, बापानं जमीन घेतली, आणि गेली तीस वर्षं या दोन घरांत ताक आणि कोरड्यास इकडून तिकडे जात होतं. आता गावच्या डेअरीत त्यांच्या दुधाला कुणी माप लावेना.

"वैनी," ती फाटकातूनच म्हणायची, "त्येंनी सहाच्या आदी रिंग दिली न्हाई वं. यमाईची आण."

राजेश्वरीची आई, बनुबाई, तिच्याकडे बघायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मग कुनी दिली? भुतानं?"

पाचव्या दिवशी दुपारी, घरात दोघीच असताना, राजेश्वरीनं आईला विचारलं. तोवर विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"शेवटचं काय बोलले गं आण्णा?"

बनुबाई गव्हातले खडे काढत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काय बोलनार. रिंग वाजली. मी चुलीपाशी हुते. ह्ये म्हणलं, 'आज धुळा लवकर उठला वाटतं.' चष्मा न्हाई, काय न्हाई, बॅटरी घेतली आन् गेलं."

"लवकर म्हणजे किती?"

"साडेपाचची एसटी जायाची हुती अजून. ह्ये गेल्यावर फाट्यावर तिचा हॉर्न वाजला."

राजेश्वरीनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. तीन वर्षं जे गणित ती न मोजता करत आली होती ते आता तिनं लहान मुलासारखं, बोट दुमडून दुमडून केलं. साडेअकरा तास. पुन्हा केलं. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि फोन काढला. गुरुवार, संध्याकाळी पाच सत्तावन्न. त्यापुढे 'आण्णा'.

म्हणजे इकडचे पाच सत्तावीस.

शुक्रवारी तिथल्या देवीचा मोठा सण होता. आदल्या संध्याकाळपासून माणसांची रीघ लागते, रस्ते बंद होतात, म्हणून ऑफिसनं सगळ्यांना तासभर आधी सोडलं होतं. ती लवकर घरी पोचली. पर्स टेबलावर ठेवली. उभ्याउभ्याच रिंग दिली, मोजून एक, आणि भाजी चिरायला घेतली. भाजी शिजली, ती जेवली, भांडी घासली. मग वीरधवलचा फोन आला. गेले पाच दिवस ही नोंद फोनमध्ये होती आणि फोन तिच्या हातात होता.

तिला रडू आलं नाही. खोलीतलं प्रत्येक सामान अतिशय स्पष्ट दिसू लागलं: खुंटीवरचा आण्णांचा स्वेटर, त्याच्या कोपराला लावलेलं ठिगळ, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे आकडे. कोनाड्यात चष्मा तसाच होता.

वीरधवल गोठ्यात होता. तिनं त्याला फोन दाखवला. त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं आधी अंगणात कोणी आहे का ते पाहिलं.

"कुणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग गप बस."

"वीरू, धुळाकाका आत आहेत."

"करंट त्याच्या घरचा आहे. तो सुटत नसतोच. फक्त कलम बदलेल."

"फक्त?"

"ताई, ऐक. फोन कंपनीचा कागद येईल महिन्यानं. त्यात काय असेल ते पोलीस बघतील. आपण कशाला? आईला काय सांगणार आहेस तू? की तुझ्या..." तो थांबला आणि उगाच म्हशीपुढची वैरण सारखी करू लागला.

"बोल की."

"मला नाही बोलायचं. तुला कळत नाही का, ती याच्यानंतर तुझ्याकडे कशी बघेल?"

राजेश्वरीला ते कळत होतं. तेवढंच कळत होतं. वीरधवल खोटं बोलायला सांगत नव्हता, नुसतं महिनाभर थांबायला सांगत होता. आणि थांबायला तिचं मन तयार होतं, ही गोष्ट तिला तारेपेक्षा भयंकर वाटली. तिकडे ती चौथ्या मजल्यावर निवांत झोपली असती. इकडे एक माणूस आपण न केलेल्या गोष्टीचा जबाब देत बसला असता. आणि आईची माया शाबूत राहिली असती.

ती स्वयंपाकघरात गेली आणि आईसमोर खाली बसली.

"आई, ती रिंग माझी होती."

बनुबाईंचा हात गव्हात थांबला. राजेश्वरीनं सगळं सांगितलं, सण, ऑफिस, वेळ. भरभर सांगितलं, मधे श्वास घेतला तर उरलेलं सांगता येणार नाही म्हणून.

बनुबाईंनी हातातला खडा सुपाबाहेर टाकला. मग म्हणाल्या, "रोज तर साडेसहाला यायची तुझी."

"त्या दिवशी लवकर पोचले."

"मग जरा थांबून द्यायाचीस." आवाज चढला नव्हता. "जरा थांबून द्यायाचीस गं."

"हो आई."

"तुला काय ठावं म्हणा." एवढं म्हणून त्यांनी सूप बाजूला सारलं. ते पुन्हा ओढलं. पुन्हा सारलं. "पाच दिस ती बाय उन्हात हुबी ऱ्हातीया. मी तिला म्हणलं, भुतानं दिली व्हय." त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. सुतकात विधवेनं घराबाहेर पडायचं नाही, म्हणून उंबऱ्याच्या आतूनच त्यांनी वीरधवलला हाक मारली. "वीरू, गाडी काढ. हरणीला बी घे संगं."

"आई, तू नीट ऐकलंस का?"

"मला ऐकू येतंय. गाडी काढ."

ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या फोनचा फोटो काढला, पासपोर्ट मागितला, शिक्के बघितले. जबाब लिहिणारा हवालदार तरुण होता. त्यानं 'मेक्सिको' दोनदा खोडून लिहिलं.

"कॉल कशासाठी केला होता?"

"मी घरी सुखरूप पोचले, हे कळवायला."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली. साहेब म्हणाले, तारेचं प्रकरण आहेच, ते सुटणार नाही, त्यात चारही घरं येतील, तुमचंसुद्धा. ती म्हणाली, येऊ द्या.

धुळाला बाहेर आणलं. पाच दिवसांत त्याची दाढी पांढरी वाढली होती. आपल्याला कशाला बोलावलं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मेजरच्या लेकीला बघून तो भिंतीला टेकला आणि त्यानं हात जोडले. हरणाबाईनंच त्याला सांगितलं, तुटक, अर्धं रडत, अर्धं त्याच्यावर ओरडत, "तुमची न्हवती वं ती! पोरीची हुती! पोरीची!"

धुळानं राजेश्वरीकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर सुटकेसारखं काही नव्हतं.

"खरं सांगतीयास?"

"हो काका."

"मला पार काय सुदरंना झालं हुतं बग." तो खाली बसला, फरशीवरच. "समदी म्हणत्यात तर मीच दिली आसंल. झोपंत दिली आसंल. बटन न दाबताच दिली आसंल. सहाला तार बंद केली आन् बॅटरी बांधावर पेटल्याली दिसली, पळत गेलो, तवाधरनं त्योच इचार. मेजरास्नी मीच मारलं, आन् मला ठावं बी न्हाई." त्यानं तोंड हातांत झाकलं. मग हात काढून, खात्री करून घ्यावी तसं विचारलं, "म्हंजी म्या रिंग न्हाई दिली?"

राजेश्वरी त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही नाही दिलीत."