ताठ चादरीची खोली

फौजेत ट्रक चालवायची तेव्हा तिला सगळे वाघीण म्हणायचे. आज भर दुपारी ही वाघीण आपल्याच पलंगाखाली, पिशवी छातीशी कवटाळून, श्वास रोखून पडली होती. कोणीतरी दार धडाधडा वाजवलं होतं, एवढंच निमित्त.

फौज सुटली, मग नवऱ्याने संसार मोडला, आणि दोन हिवाळे तिने जुन्या गाडीत झोपून काढले. तिथे काचेवर थाप पडली की समजायचं, कोणीतरी हाकलायला आलंय, नाहीतर त्याहून वाईट. माजी सैनिक बायकांच्या या निवाऱ्यात खोली मिळाली तरी थाप ऐकल्यावर तिचे पाय तिला विचारत नसत.

किल्ली फिरली. व्यवस्थापकाचे बूट आत आले, मागोमाग निवाऱ्यातल्या समाजसेविका ताईंच्या चपला.

"गेली बघा," व्यवस्थापक म्हणाला. "कपाट रिकामं, पलंगाला कोणी हात लावलेला नाही. खाली एक बाई कधीची ताटकळतेय, तिला देऊन टाकू खोली."

फौजेतल्या सवयीने ती रोज चादर ताणून घालायची आणि सामान पिशवीत भरून ठेवायची. कधी निघायला सांगतील याचा काय नेम! तोच नेटकेपणा आता मुळावर आला होता. मी इथंच आहे म्हणून ओरडायचं होतं, पण तिने पिशवीच आणखी घट्ट कवटाळली. पुन्हा ती गाडी, पुन्हा ती काच. ती भीतीने लटलटा कापू लागली आणि पलंग हलला.

ताईंनी हललेल्या पलंगाकडे पाहिलं. मग त्या व्यवस्थापकाला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

त्या खाली फरशीवर बसल्या, पलंगाकडे पाठ करून. "दार उघडंच ठेवलंय. यापुढे आधी हाक मारीन, मगच दार वाजवीन. पण खोली तुमची आहे, हे त्यांना तुम्हीच सांगा."

बाहेर किल्ल्या खुळखुळल्या.

"खोलीत... माणूस आहे."

"मोठ्याने, बाई. त्यांना सोयीपुरतंच ऐकू येतं."

"खोलीत माणूस आहे!" वाघीण ओरडली आणि तिला रडू कोसळलं.

"बरं बरं," व्यवस्थापक चपापून म्हणाला आणि घाईघाईने दार लोटू लागला.

"दार उघडंच ठेवा!" पलंगाखालून पुन्हा आवाज आला.

दार उघडं राहिलं. पलंगाखालून आधी पिशवी बाहेर आली, मग ती धरलेला हात.

"ताई," ती म्हणाली, "एवढी पिशवी कपाटात ठेवता?"